कोंड्याचे गुण: किती धानाचे, किती गिरणीचे

धानाच्या कोंड्याचे तेल, म्हणजे राइस ब्रान तेल, हृदयाला चांगले, ही गोष्ट आता जाहिरातींतून घराघरांत पोचली आहे. जबलपूरच्या मदन महल भागातल्या किराणा दुकानांत ते सोयाबीन आणि शेंगदाणा तेलाच्या शेजारी विकायला असते. पिढ्यान्‌पिढ्या शेंगदाणा तेलात फोडणी करणारी इथली मराठी घरेही, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवला की, त्याकडे वळतात. तेल चांगले की वाईट एवढेच विचारले जाते. ते कोंड्यातून कसे काढले, कसे शुद्ध केले, हे सहसा कुणी विचारत नाही. या विषयावरचे गेल्या चाळीस वर्षांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले, तर खरा प्रश्न तिथेच असल्याचे दिसते. कोंडा आरोग्याला किती उपयोगी पडेल, हे धान शेतात असताना ठरते त्यापेक्षा कितीतरी अधिक गिरणीत आणि तेलाच्या कारखान्यात ठरते.

हा प्रश्न जबलपुरात बसून विचारण्याला कारण आहे. मदन महलच्या टेकडीवर गोंड राजांचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी वाढलेल्या या शहरावर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. मराठी माणसांचे इथले नाते त्या काळापासूनचे. इथून मंडला, सिवनी, बालाघाट आणि पुढे महाराष्ट्रातले गोंदिया-भंडारा असा धानाचा सलग पट्टा पसरला आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोंदिया तर राइस मिलांचेच शहर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने टाकलेली जबलपूर-गोंदिया छोटी लाइन याच पट्ट्यातून जात होती आणि आता तिची ब्रॉडगेज झाली आहे. या पट्ट्यातल्या धानाचा तांदूळ सगळे खातात. कोंडा जातो कुठे, हे गुरे पाळणाऱ्यांना आणि सॉल्व्हंट प्लांटवाल्यांना तेवढे ठाऊक असते.

शंभर किलो धान भरडले की साधारण २० किलो तूस निघते आणि तांदळाला पॉलिश करताना ८ ते १० किलो कोंडा. तांदळाच्या दाण्यातले पोषण बहुतांशी याच थरात आणि अंकुरात असते. कोंड्यात १५ ते २० टक्के तेल, १२ ते १५ टक्के प्रथिने, वीस टक्क्यांहून अधिक तंतू, ब गटातली जीवनसत्त्वे, भरपूर फायटिक आम्ल असते. तेलात ई जीवनसत्त्वाची टोकोफेरॉल आणि टोकोट्रायनॉल ही दोन्ही कुळे असतात. त्याखेरीज ओरायझनॉल असते. वनस्पतीतले स्टेरॉल आणि फेरुलिक आम्ल यांच्या जोडातून बनलेल्या संयुगांचे हे मिश्रण १९५० च्या दशकात जपानी संशोधकांनी कोंड्याच्या तेलातूनच वेगळे केले.

कोंड्यातून औषधी गुण ‘काढण्याचा’ इतिहास मात्र त्याहून जुना आहे आणि तो तेलाचा नाही, पाण्याचा आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आयकमान यांनी पाहिले की, पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. १९१० मध्ये जपानच्या उमेतारो सुझुकी यांनी कोंड्याच्या अर्कातून बेरीबेरी हा आजार बरा करणारा घटक मिळवला. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी जावातच त्याचे स्फटिक वेगळे केले. तेच ब-१ जीवनसत्त्व, थायमिन. आयकमान यांना १९२९ चे नोबेल मिळाले. हे सगळे लोक पाण्यात विरघळणारा घटक शोधत होते. त्यांच्या अर्कात तेल नव्हते, आणि आजच्या तेलात त्यांचे थायमिन नाही. तेलाची बाटली विकत घेताना कोंड्याचे ‘सगळे गुण’ मिळतात असे मानणारा ग्राहक इथेच फसतो. जे तेलात विरघळते तेच तेलात येते, बाकी सगळे पेंडीत मागे राहते.

आपल्याकडे धान उकडून मग भरडण्याची जी रीत आहे, कोकणात उकडा आणि गोंदिया-बालाघाटकडे उसना म्हणतात तो तांदूळ, तीही एका अर्थी निष्कर्षणाचीच, म्हणजे घटक काढून घेण्याचीच, पद्धत आहे. धान भिजवून वाफवले की ब गटातली जीवनसत्त्वे सालीकडून दाण्याच्या आत सरकतात. म्हणून पॉलिश केलेल्या उसन्या तांदळातही थायमिन बऱ्यापैकी टिकते. त्याच वेळी दाणा घट्ट होऊन कमी तुटतो, कोंड्यात कणी कमी मिसळते आणि तेलाचे प्रमाण वाढून वीस टक्क्यांच्या वर जाते. वाफेने कोंड्यातला लायपेज नावाचा विकरही निकामी होतो. कोंड्याच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू हा लायपेजच आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

दाणा अखंड असताना तेल आणि लायपेज वेगवेगळ्या थरांत असतात. पॉलिशच्या यंत्रात थर घासले जातात, दोघे एकत्र येतात आणि त्या क्षणापासून तेल तुटून मुक्त मेदाम्ले सुटू लागतात. कच्च्या तांदळाच्या कोंड्यात ती उष्ण-दमट हवेत दिवसाला ५ ते ७ टक्क्यांनी वाढू शकतात. ती ५ टक्क्यांच्या वर गेली की कोंडा माणसाच्या खाण्यालायक धरत नाहीत आणि १० टक्क्यांच्या वर गेली की तेल शुद्ध करणे परवडत नाही. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्य विद्यापीठातल्या एका प्रयोगात खोलीच्या तापमानाला सोळा आठवडे ठेवलेल्या कच्च्या कोंड्यात निम्म्याहून अधिक तेल मुक्त मेदाम्लांत मोडले होते. मंडल्याच्या किंवा सिवनीच्या एखाद्या लहान गिरणीत कोंडा पोत्यांत भरून चार दिवस पडून राहतो, मग ट्रक येतो. त्या चार दिवसांत जे गेले ते पुढचा कुठलाही कारखाना परत आणू शकत नाही. गावातल्या जुन्या हलर गिरण्यांची अडचण तर आणखी वेगळी: तिथे तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो, तेलाचे प्रमाण पडते आणि तो माल गुरांच्या आंबोणापलीकडे जात नाही.

उपाय माहीत आहेत, जुनेही आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात एक्स्ट्रूडरची पद्धत बसवली: कोंडा दाबाखाली काही सेकंद सुमारे १३० अंश सेल्सिअसला न्यायचा, मग थोडा वेळ गरम ठेवून थंड करायचा. लायपेज मरतो आणि कोंडा महिना-दोन महिने टिकतो. वाफ, कोरडी उष्णता, मायक्रोवेव्ह, इन्फ्रारेड, कोंड्यातूनच वीज सोडून तो तापवणे, हे सगळे मार्ग प्रयोगशाळांत यशस्वी ठरले आहेत. पण प्रत्येकाची किंमत असते. उष्णता जास्त झाली तर ई जीवनसत्त्व घटते, प्रथिने घट्ट होऊन पुढे पाण्यात उतरत नाहीत, रंगीत तांदळाच्या कोंड्यातली जांभळी रंगद्रव्ये नासतात. उष्णता कमी पडली तर विकर पुन्हा जागा होतो. माझ्या मते या सगळ्या वादात ‘कुठली पद्धत’ यापेक्षा ‘किती तासांत’ हे जास्त महत्त्वाचे आहे. गिरणीच्या दारात केलेले साधे वाफवणे हे तीन दिवसांनी शहरात केलेल्या महागड्या प्रक्रियेपेक्षा अधिक वाचवते.

आता तेल काढणे. कोंडा बारीक आणि मऊ असतो, घाण्यात तो तिळासारखा किंवा शेंगदाण्यासारखा दाबला जात नाही. निम्मेअधिक तेल पेंडीतच राहते. म्हणून जगभर बहुतेक तेल हेक्झेन या द्रावकाने काढतात. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतो, तेल धुऊन आणतो आणि मग उडवून परत मिळवता येतो. शुद्ध तेलात त्याचा अंश दशलक्ष भागांत ५ भागांपेक्षा जास्त नसावा, असा भारतातला नियम आहे. हेक्झेनचे नाव ऐकून लोक घाबरतात, पण आरोग्याच्या हिशेबात या टप्प्यावर फार काही हरवत नाही: ओरायझनॉल, टोकोट्रायनॉल, स्टेरॉल हे सारे हेक्झेनमध्ये चांगले उतरतात. पर्याय आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल ध्रुवीय पदार्थही सोबत आणते. पाणी आणि विकर वापरून द्रावकाशिवायही तेल सोडवता येते, फक्त उतारा कमी पडतो. सर्वांत स्वच्छ पर्याय म्हणजे अतिदाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. हा वायू ३१ अंश आणि सुमारे ७४ बार दाबाच्या पुढे द्रव आणि वायू यांच्या मधल्या अवस्थेत जातो, कोंड्यात शिरतो, तेल घेतो आणि दाब सोडला की निघून जातो. लुईझियानाच्या झू आणि गॉडबर यांनी २००० मध्ये दाखवले की, सुमारे ६८० वातावरणांच्या दाबाला आणि ५० अंशांना या रीतीने कोंड्यातून मिळालेले ओरायझनॉल द्रावकांच्या सर्वांत चांगल्या उताऱ्याच्या चौपट होते. एवढा दाब पेलणारे यंत्र गोंदियातल्या साध्या मिलवाल्याच्या आवाक्यात नाही. औषधे आणि प्रसाधने यांच्यासाठी ही पद्धत ठीक. पोळीच्या तेलासाठी ती लवकर येईल असे मला वाटत नाही.

खरी गळती पुढे, शुद्धीकरणात होते. कच्चे राइस ब्रान तेल काळपट, चिकट, मेणयुक्त असते. त्यात डिंकासारखे फॉस्फोलिपिड असतात आणि मुक्त मेदाम्ले असतात. ते तसेच खाता येत नाही आणि कायद्यानेही शुद्ध केल्याशिवाय विकता येत नाही. ‘कच्ची घाणी’चे आकर्षण असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे: शेंगदाण्याला लागू पडणारा घाण्याचा नियम कोंड्याला लागू पडत नाही. मेदाम्ले काढण्याचे दोन मार्ग आहेत. रासायनिक मार्गात तेलात कॉस्टिक सोडा घालतात, मेदाम्लांचा साबण होतो आणि तो गाळ वेगळा करतात. भौतिक मार्गात तेल निर्वातात खूप तापवून, वाफ सोडून ती मेदाम्ले उडवतात.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या गोपालकृष्ण आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या दोन मार्गांची तुलना प्रसिद्ध केली. या विषयावरचा एकच निबंध वाचायचा असेल तर मी हाच सुचवीन. डिंक काढताना ओरायझनॉल जेमतेम १ टक्का गेले, मेण काढताना सुमारे ६ टक्के. सोड्याच्या एका धुण्यात मात्र ९३ ते ९४.६ टक्के ओरायझनॉल गेले. भौतिक मार्गाने शुद्ध केलेल्या तेलात ते जवळजवळ जसेच्या तसे, १.६ टक्के राहिले. रासायनिक मार्गाच्या तेलात ०.२ टक्क्यांच्या आसपास उरले. कारण रसायनशास्त्रात आहे: ओरायझनॉलमधल्या फेरुलिक गटाला किंचित आम्लधर्म असतो, त्यामुळे सोडा त्यालाही मेदाम्लासारखेच पकडून साबणाच्या गाळात नेतो. याच अभ्यासात भारतातल्या १८ जातींच्या धानाच्या कोंड्याचे तेलही तपासले होते. त्यात ओरायझनॉल १.६३ ते २.७२ टक्के होते. म्हणजे जातीजातींत दुपटीहून कमी फरक, आणि शुद्धीकरणाच्या दोन रीतींत आठपट. घरात माणशी दिवसाला २० ग्रॅम तेल लागते असे धरले तर एका तेलातून ३२० मिलीग्रॅम ओरायझनॉल पोटात जाईल, दुसऱ्यातून ४०. दोन्ही पिशव्यांवर नाव मात्र राइस ब्रान तेल असेच असते.

भौतिक मार्ग मग सरसकट चांगला का? इथे पुष्कळ लेखक थांबतात, आणि इथेच थांबू नये. या मार्गासाठी तेलातला डिंक आधी जवळजवळ संपूर्ण काढावा लागतो. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकरांनी डिंक काढण्याची पद्धत त्यासाठीच विकसित केली आणि ती भारतीय उद्योगाची मोठी कमाई आहे. पण नंतर तेल २३०-२५० अंशांपर्यंत तापते. त्या उष्णतेत टोकोफेरॉल आणि टोकोट्रायनॉल काही प्रमाणात उडून जातात. शिवाय लायपेजने मोडलेल्या तेलात डायग्लिसराइड, म्हणजे तेलाचे अर्धवट तुटलेले रेणू, जास्त असतात आणि त्यांच्यापासून एवढ्या तापमानाला ग्लिसिडिल एस्टर तयार होतात. पोटात त्यांचे ग्लिसिडॉल होते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ग्लिसिडॉलला बहुधा कर्कजन्य पदार्थांच्या गटात ठेवले आहे. युरोपीय संघाने खाद्यतेलात या एस्टरांना किलोमागे १ मिलीग्रॅमची मर्यादा घातली आहे. राइस ब्रान तेलाच्या बाबतीत हा धोका कमी करण्याचा मुख्य उपाय कारखान्यात नाही, पुन्हा गिरणीतच आहे: कोंडा ताजा असताना स्थिर केला तर डायग्लिसराइड आणि मेदाम्ले दोन्ही कमी राहतात आणि तेल फार तापवावेही लागत नाही.

माणसांवरचे प्रयोग काय सांगतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत रुक्मिणी आणि रघुराम यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर आणि नंतर वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या रुग्णांवर काम करून या तेलाने कोलेस्टेरॉल उतरते हे दाखवले. जगातल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामांत त्याची गणना होते. पुढे निष्कर्षणाचा मुद्दा दोन अमेरिकी अभ्यासांनी जवळजवळ योगायोगाने सिद्ध केला. १९९८ च्या गेरहार्ट आणि गॅलो यांच्या प्रयोगात तेलासकट असलेला कोंडा रोज ८४ ग्रॅम, सहा आठवडे दिला आणि कोलेस्टेरॉल सुमारे ८ टक्क्यांनी उतरले. २००५ मध्ये लुईझियानातल्या मोस्ट आणि सहकाऱ्यांनी तेल काढून घेतलेला कोंडा दिला. काहीच फरक पडला नाही. मग त्यांनी तेल दिले, तेव्हा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ७ टक्क्यांनी घटले. कोंडा तोच, गुण तेलाबरोबर निघून गेला होता. ‘तंतूंमुळे कोलेस्टेरॉल घटते’ हा समज निदान तांदळाच्या कोंड्याबाबत या प्रयोगाने मोडला.

मग ओरायझनॉल हाच तो घटक असे म्हणावे, तर त्याच वर्षी बर्गर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग आडवा येतो. कोलेस्टेरॉल किंचित वाढलेल्या पुरुषांना त्यांनी दोन प्रकारची राइस ब्रान तेले दिली. एकातून दिवसाला ०.०५ ग्रॅम ओरायझनॉल मिळत होते, दुसऱ्यातून ०.८ ग्रॅम. दोन्ही गटांत एलडीएल सुमारे १० टक्क्यांनी सारखेच उतरले. म्हणजे काम एकट्या ओरायझनॉलचे नाही; साधे स्टेरॉल आणि मेदाम्लांची जुळणी यांचा वाटा मोठा असावा. २०१६ मध्ये अकरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा एलडीएलची सरासरी घट डेसिलिटरमागे सुमारे ७ मिलीग्रॅम निघाली. ही घट खरी आहे, पण माफक आहे. ती औषधाची जागा घेत नाही. ओरायझनॉलचा आकडा मला तरीही महत्त्वाचा वाटतो, तो वेगळ्या कारणाने: तेल किती काळजीने हाताळले गेले याची ती खूण आहे. ज्या तेलात ओरायझनॉल टिकले, त्याचा कोंडा बहुधा ताजा होता. कोंडा शिळा असता तर आम्लता वाढून सोडा वापरण्याचा मोह झाला असता.

तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातले बहुतेक दावे अजून प्रयोगशाळेबाहेर आलेले नाहीत. प्रथिने काढायला सोड्याचे पाणी स्वस्त पडते, पण पीएच फार चढवला तर लायसिन या मोलाच्या अमिनो आम्लाची नासाडी होते. फायटेज, झायलानेज यांसारखे विकर वापरले तर उतारा वाढतो आणि प्रथिने शाबूत राहतात. ‘अँटिऑक्सिडंट’ आकड्यांबद्दल वाचकाने विशेष सावध असावे. कोंड्यातले बहुतेक फेरुलिक आम्ल तंतूंना घट्ट चिकटलेले असते. अल्कोहोलने काढलेल्या अर्कात फक्त सुटा भाग येतो, अल्कलीने सोडवले की आकडा एकदम चढतो. एकाच चहापत्तीचे दोन घोट कोमट आणि उकळत्या पाण्यात काढून त्यांच्या कडकपणावरून पत्तीची प्रत ठरवावी, तशी यांतल्या अनेक निबंधांची तुलना आहे. परीक्षानळीतला तो आकडा शरीरात काय करतो, हे त्यातून कळत नाही.

एक धोका मात्र पाण्यात विरघळणाऱ्या भागातच आहे. धान पाण्यात उभे असते, जमिनीतले अकार्बनी आर्सेनिक शोषते आणि ते कोंड्यात साठते. २००८ मध्ये मेहार्ग आणि सहकाऱ्यांनी कोंडा आणि त्याची उत्पादने तपासली तेव्हा त्यांतले अकार्बनी आर्सेनिक तांदळाच्या सबंध दाण्याच्या निदान दहापट निघाले. ते पाण्यात विरघळते, म्हणून शुद्ध तेलात ते जवळजवळ येत नाही. कोंड्याच्या पावडरीत आणि विरघळणाऱ्या अर्काच्या पूरक पेयांत येते. कुपोषित मुलांसाठी कोंड्याची पेये सुचवणाऱ्यांनी आधी त्या त्या भागातल्या धानाची तपासणी करावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

आपल्या पट्ट्यापुरते बोलायचे तर करण्यासारखे स्पष्ट आहे. अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात १९६४ पासून शेतीचे संशोधन चालते, आता विद्यापीठ झालेल्या नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्थेत तेल तंत्रज्ञानाची जुनी परंपरा आहे आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा अनुभव १९३३ पासूनचा आहे. बालाघाट-गोंदियातल्या पाच-सात गिरण्यांना मिळून एक वाफेचे स्थिरीकरण यंत्र बसवले आणि कोंडा पोत्यात बांधायच्या आधीच गरम केला, तर त्याचा फायदा तेलाच्या कारखान्यापासून मदन महलच्या ताटापर्यंत पोचेल. यात नवे संशोधन कमी आणि पैसा, वीज आणि इच्छाशक्ती जास्त लागेल.

घरच्या वाचकाला एवढेच सांगतो. राइस ब्रान तेल घ्यायचे असेल तर पिशवीवर ‘फिजिकली रिफाइंड’ असे लिहिले आहे का आणि ओरायझनॉलचे प्रमाण दिले आहे का, ते पाहा. दिलेले नसेल तर दुकानदाराला विचारा, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती तेलाच्या भरवशावर बंद करू नका. कोंड्याची पावडर लहान मुलांना रोज देऊ नका.